हुजूर पक्षाची हरित वचने आणि ब्रिटनमधला संशयी मतदार

बकिंगहॅमकर

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून इथल्या संसदीय निवडणुकीत मतदान करता येते, हे आपल्यापैकी अनेकांना इथे आल्यानंतर बऱ्याच उशिरा कळते. त्यामुळे हा विषय केवळ इथे जन्मलेल्यांचा किंवा पासपोर्ट बदललेल्यांचा नाही, आणि म्हणूनच तो चर्चेला घेत आहे.

मार्च 2025 मध्ये हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी जाहीर केले की, राहणीमान घसरल्याशिवाय किंवा देश कंगाल झाल्याशिवाय 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन (म्हणजे हवेत सोडू तेवढाच कार्बन परत शोषला जाणे) गाठणे अशक्य आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी, उत्सर्जन घटवण्याची उद्दिष्टे सरकारवर बंधनकारक करणारा 2008 चा हवामान बदल कायदाच रद्द करण्याचे वचन दिले. निव्वळ शून्याचे उद्दिष्ट कायद्यात आणणाऱ्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांनी, स्वतःच्याच पक्षाच्या या भूमिकेवर, ती भयंकर चूक ठरेल अशी उघड टीका केली. पुढे कधीतरी हाच पक्ष नव्या नेत्यासह, नव्या हिरव्या वचनांसह आपल्या दारी येईल, तेव्हा मतदाराने काय करावे, असा माझा प्रश्न आहे.

या संशयाला मोठा इतिहास आहे. सप्टेंबर 1988 मध्ये रॉयल सोसायटीसमोर तापमानवाढीचा धोका मांडणाऱ्या मार्गारेट थॅचर स्वतः रसायनशास्त्राच्या पदवीधर होत्या, आणि इतक्या मोठ्या पदावरच्या नेत्याने त्या काळात हे बोलणे जगभर दुर्मीळ होते. एप्रिल 2006 मध्ये तेव्हाचे पक्षनेते डेव्हिड कॅमेरून आर्क्टिकमधल्या स्वालबार्डला जाऊन कुत्र्यांच्या घसरगाडीवर छायाचित्रकारांसमोर उभे राहिले, आणि त्या वर्षीच्या स्थानिक निवडणुका पक्षाने ‘निळ्याला मत द्या, हिरवे व्हा’ या घोषणेवर लढवल्या. मे 2010 मध्ये पंतप्रधान झाल्यानंतर काही दिवसांतच त्यांनी आपले सरकार आजवरचे सर्वांत हरित सरकार असेल असे सांगितले. 2015 च्या जाहीरनाम्यात कोळशाचा व वायूचा धूर पकडून जमिनीखाली साठवण्याच्या तंत्रज्ञानासाठी 1 अब्ज पौंडांचे वचन होते. ती स्पर्धा त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला, पॅरिस परिषदेला जेमतेम आठवडा उरला असताना, रद्द झाली. त्याआधी जुलैमध्ये, 2016 पासून सर्व नवी घरे शून्य कार्बनची बांधण्याचा नियमही सरकारने गुंडाळून ठेवला होता.

एका गोष्टीकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. त्याच जाहीरनाम्यात जमिनीवरच्या नव्या पवनचक्क्यांचे अनुदान थांबवण्याचे आणि अंतिम निर्णय स्थानिक लोकांच्या हाती देण्याचेही वचन होते, आणि ते काही आठवड्यांत तंतोतंत पाळले गेले. नियम असे बदलले की थोडासा स्थानिक विरोधही प्रकल्प अडवायला पुरे होऊ लागला, आणि इंग्लंडमध्ये जमिनीवरची नवी पवनचक्की उभी राहणे जवळजवळ बंद झाले. हे बंधन जुलै 2024 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने उठवले. म्हणजे हा पक्ष वचने पाळतच नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. कोणती वचने पाळली जातात आणि कोणती वाऱ्यावर सोडली जातात, याचा काही नियम सापडतो का, हे मला तपासायचे आहे. तपशिलासह मते मांडावीत ही विनंती.

पेनाईनवासी

बकिंगहॅमकर, तुमच्या प्रश्नाला माझ्या छताचे उत्तर देतो.

एप्रिल 2010 मध्ये, मजूर पक्षाचे सरकार जाता जाता, छतावरच्या सौरविजेसाठी ठरलेला दर देणारी योजना सुरू झाली. 2011 मध्ये लहान छतासाठी हा दर प्रत्येक युनिटला 43.3 पेन्स होता, तो 25 वर्षे मिळणार होता आणि महागाईबरोबर वाढणार होता. पॅनेलच्या किमती झपाट्याने उतरत होत्या, त्यामुळे दर कमी करावा लागणार हे सगळ्यांनाच दिसत होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. सरकारने मात्र ऑक्टोबर 2011 च्या अखेरीस असे जाहीर केले की 12 डिसेंबरनंतर बसवलेल्या पॅनेलला 21 पेन्सच मिळतील, आणि त्याच प्रस्तावावर लोकांची मते मागवण्याची मुदत ठेवली 23 डिसेंबरपर्यंत. मते ऐकून घेण्याआधीच निर्णयाची तारीख उलटून जाणार, असा हा अजब कारभार होता.

आमच्या गल्लीत त्या नोव्हेंबरात जे चालले होते ते अजून डोळ्यांपुढे आहे. परांच्या मिळत नव्हत्या, कारण सगळ्या जिल्ह्यातल्या परांच्या कुठल्या ना कुठल्या छताला लागलेल्या होत्या. भर पावसात, दुपारी चारलाच अंधार पडत असताना कामगार दिव्याच्या उजेडात कौले उचलून हुक बसवत होते, आणि इन्व्हर्टर आला तरी नोंदणीचा मीटर आला नाही म्हणून शेजारचे गृहस्थ रोज कंपनीला फोन लावत होते. माझे काम मुदतीत झाले. पुढे उच्च न्यायालयाने सरकारची ती घाई बेकायदा ठरवली, अपील न्यायालयानेही तेच म्हटले, आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2012 मध्ये सरकारला पुढचे अपील करू दिले नाही. परिणामी 3 मार्च 2012 पर्यंत पॅनेल बसवलेल्यांना जुनाच दर मिळाला. दर तीन महिन्यांनी मी मीटरचे आकडे कळवतो आणि पैसे खात्यात येतात, त्यात आजवर खंड पडलेला नाही.

त्या तीन-चार महिन्यांत काम बंद पडलेल्या लहान कंत्राटदारांना मात्र न्यायालयाच्या निकालाचा उपयोग झाला नाही. 2016 च्या सुरुवातीला दर 4.39 पेन्सवर आला आणि मार्च 2019 अखेर योजना नव्या ग्राहकांसाठी बंदच झाली. ज्यांचा करार झाला ते सुरक्षित राहिले, आणि ज्यांनी भाषणावर विसंबून धंदा उभारला ते उघड्यावर पडले, एवढा नियम मला माझ्या छतावरून दिसतो.

ताळगावकर

मी सरे परगण्यात राहतो. आधीच सांगतो की मी दोनदा हुजूर पक्षाला मत दिलेले आहे, आणि या धाग्यात ती बाजू मांडणारा बहुधा मी एकटाच असेन.

ऑगस्ट 2023 ते जुलै 2024 या काळात ऊर्जामंत्री असलेल्या क्लेअर कुटिन्हो या आमच्याच परगण्यातल्या, ईस्ट सरेच्या खासदार आहेत आणि त्यांचे आईवडील मूळचे गोव्याचे डॉक्टर. गोंयकार म्हणून त्यांचे कौतुक वाटते हे मान्य करतो, पण मत देण्याचे कारण ते नव्हे. त्या आणि त्यांचा पक्ष जो प्रश्न विचारतात तो खरा आहे: या सगळ्याचे पैसे कोण भरणार?

ब्रिटनमध्ये पर्यावरणाचे अधिभार मुख्यतः विजेच्या बिलावर लादले गेले आणि गॅसच्या बिलावर नाममात्र राहिले. त्यामुळे वीज गॅसच्या कितीतरी पट महाग झाली. आता सरकार म्हणते की गॅसचा बॉयलर काढा आणि विजेवर चालणारा हीट पंप बसवा. माझ्या 1930 च्या दशकातल्या घराला दुहेरी भिंती आहेत, मधली पोकळी भरलेली आहे, तरी हीट पंपासाठी बहुतेक रेडिएटर बदलावे लागतील असे मला पाहणी करणाऱ्याने सांगितले. ऋषी सुनक यांनी 20 सप्टेंबर 2023 च्या भाषणात नव्या पेट्रोल-डिझेल मोटारींच्या विक्रीवरची बंदी 2030 वरून 2035 वर नेली म्हणून त्यांना खलनायक ठरवले जाते. त्याच भाषणात हीट पंपाचे अनुदान 7,500 पौंडांपर्यंत वाढवले, हे कोणी लक्षात ठेवत नाही. मोटार कंपन्यांवरची सक्तीही जानेवारी 2024 पासून ठरल्याप्रमाणे लागू झाली आणि पहिल्या वर्षी 22 टक्के नव्या गाड्या विजेवरच्या असाव्यात हा नियम कायम राहिला.

मतदाराला संशय वाटतो तो आश्वासन मोडले जाण्याबद्दल नाही; ते पाळले गेले तर आपल्या खिशाचे काय होईल याबद्दल आहे. लंडनच्या पश्चिम टोकाच्या अक्सब्रिजची पोटनिवडणूक जुलै 2023 मध्ये हुजूर पक्षाने 495 मतांनी राखली ती याच भीतीवर. लंडनच्या कमी प्रदूषण क्षेत्राच्या नियमामुळे जुन्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड भरायचे, हे तिथल्या मतदाराला समुद्राची पातळी वाढण्यापेक्षा जवळचे वाटले, आणि त्यात त्याचा दोष नाही.

बकिंगहॅमकर

ताळगावकर, अधिभाराचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि कोणत्याच पक्षाने तो वेळेवर सोडवला नाही. पण ते अधिभार विजेवर राहू देणारे सरकार 14 वर्षे कोणाचे होते, हेही विचारावे लागेल.

सुनक यांच्या भाषणाबद्दल माझी नाराजी वेगळी आहे. त्यात सात कचरापेट्यांची सक्ती, मांसावरचा कर आणि गाडीत सोबत प्रवासी घेण्याची सक्ती रद्द केल्याचे त्यांनी सांगितले. यातली कोणतीही गोष्ट कायद्यात आलेली नव्हती. जे अस्तित्वात नाही ते रद्द करून श्रेय घेणारा नेता उद्या जे अस्तित्वात आहे त्याचे रक्षण करील असे मतदाराने का मानावे? मोटारनिर्मात्यांनी 2030 धरून गुंतवणूक आखली होती आणि त्यांच्यातल्या काहींनी त्याच दिवशी नाराजी जाहीर केली, हे व्यापाराचे हित जपणाऱ्या पक्षाला शोभणारे नव्हते.

खिशाचा विचार करायचा तर घराची गळती थांबवणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि नेमके तेच वचन सर्वांत जास्त वेळा मोडले गेले. कॅमेरून यांच्या काळात अनुदानाची रचना बदलल्यावर 2013 मध्ये माळ्याचे आणि भिंतींचे इन्सुलेशन एका वर्षात कोसळले. 2019 च्या जाहीरनाम्यात घरे, शाळा आणि रुग्णालयांच्या ऊर्जाबचतीसाठी 9.2 अब्ज पौंडांचे वचन होते. त्यानंतर 2020 मध्ये हरित घर अनुदान आले, 6 लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि मार्च 2021 अखेर ते बंद पडले. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार सुमारे 47,500 घरांना त्याचा लाभ होणार होता, खर्च 31.4 कोटी पौंडांचा होता, आणि त्यातले 5 कोटींहून अधिक निव्वळ प्रशासनावर गेले. पुढच्याच वर्षी युक्रेनच्या युद्धामुळे गॅस कडाडला आणि सरकारला घराघरांच्या बिलांसाठी अब्जावधी पौंड ओतावे लागले.

हंबरकाठ

मी हलमध्ये राहतो, आणि माझे काम पवन ऊर्जेशी संबंधित आहे, त्यामुळे माझे मत थोडे वेगळे पडेल.

अलेक्झांड्रा गोदीत 2016 पासून पवनचक्क्यांची पाती बनतात. गोदीच्या काठावर ती आडवी ठेवलेली असतात, आणि पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास थांबून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहतो. मासेमारी बुडाल्यानंतर या शहराला असा धंदा मिळेल असे कोणी सांगितले असते तर लोक हसले असते. तो धंदा हुजूर पक्षाच्या राजवटीतच वाढला.

त्याचे कारण 2013 च्या ऊर्जा कायद्यातील फरकाचा करार. आपल्याकडच्या हमीभावाशी त्याचे नाते लगेच कळेल. कंपनी लिलावात विजेचा दर बोलते, बाजारभाव त्याच्या खाली गेला तर फरक तिला मिळतो, आणि बाजारभाव वर गेला तर जादा पैसे तिने परत करायचे. 2021-22 च्या हिवाळ्यात, बाजारभाव भडकलेले असताना, या करारातल्या प्रकल्पांनी खरोखर पैसे परत केले. करार 15 वर्षांचा असल्याने बँका कर्ज देतात. 2015 च्या पहिल्या लिलावात समुद्रातल्या विजेचा दर 2012 च्या किमतींत मेगावॅट-तासाला 114 पौंडांच्या पुढे होता, तो 2019 च्या लिलावात 40 पौंडांच्या आसपास आला. कोळशाचे तर विचारूच नका. 2012 मध्ये देशाची सुमारे 40 टक्के वीज कोळशावर होती, तेव्हाच्या ऊर्जामंत्री अँबर रड यांनी नोव्हेंबर 2015 मध्ये तो बंद करण्याची तारीख जाहीर केली, आणि शेवटचे रॅटक्लिफ केंद्र 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद झाले. सरकार तेव्हा मजूर पक्षाचे असले तरी हे काम आधीच्या सरकारांचे होते.

बोरिस जॉन्सन यांनी 2013 मध्ये पवनचक्क्यांची थट्टा करताना म्हटले होते की त्यांनी तांदळाच्या खिरीवरची सायसुद्धा निघणार नाही. ऑक्टोबर 2020 च्या पक्ष अधिवेशनात त्यांनी हेच वाक्य, जणू ते दुसऱ्याच कोणाचे असावे अशा थाटात, उद्धृत केले आणि 2030 पर्यंत समुद्रात 40 गिगावॅटचे लक्ष्य मांडले. माणूस तोच होता. मधल्या काळात लिलावातले दर बदलले होते.

एक काळा डागही सांगतो. सप्टेंबर 2023 च्या लिलावात सरकारने कमाल दर 44 पौंड ठेवला. पोलाद आणि व्याज दोन्ही महाग झाल्याचे कंपन्या महिनोन्महिने सांगत होत्या, ते कोणी ऐकले नाही, आणि समुद्रातील पवन ऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. पुढच्या लिलावासाठी मर्यादा 73 पौंड करावी लागली. एक पूर्ण वर्ष वाया गेले. हा विश्वासघात नव्हता, हा हिशेबाचा हलगर्जीपणा होता, आणि आमच्या धंद्यात दोन्हींचा परिणाम सारखाच होतो.

स्वान्सीची वैदेही

हंबरकाठ यांनी ज्या 30 सप्टेंबर 2024 चा उल्लेख केला, त्याच दिवशी आमच्या शेजारी पोर्ट टॅल्बटची शेवटची झोतभट्टी विझली. मालक टाटा स्टील, त्यामुळे मुंबईत घेतलेल्या निर्णयाचे परिणाम आम्ही इथे दुकानात, शाळेत, शेजारी पाहतो. सुनक सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये विद्युत भट्टीसाठी 50 कोटी पौंड देऊ केले, एकूण प्रकल्प सव्वा अब्जाचा. उत्सर्जन मोठ्या प्रमाणात घटेल हे खरे आहे. जुनी भट्टी बंद होणे आणि नवी सुरू होणे यांत मात्र काही वर्षांचे अंतर, आणि हजारो नोकऱ्या गेल्या.

इथला मतदार ‘हरित रोजगार’ हा शब्द ऐकला की काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखे नाही. रोजगार येतो तो हलला किंवा ग्रिम्सबीला, आणि जातो तो आमच्याकडून. हुजूर पक्षाने ही विषमता निर्माण केली असे मी म्हणणार नाही, पण जाहीरनाम्यात तिचा कधी उल्लेख केला नाही, एवढे नक्की म्हणेन.

ताळगावकर

वैदेहीताई, तुमचे म्हणणे पटले, आणि म्हणूनच बेडनॉक यांची भूमिका मला निदान प्रामाणिक वाटते. पूर्वीचे नेते मोठे वचन देत आणि मागच्या दाराने ते पातळ करत. त्या वचनच देत नाहीत. शिवाय 2024 मध्ये रिफॉर्म पक्षाने 14 टक्के मते घेतली आणि आमचे खासदार 121 वर आले, त्यामुळे पक्षाला उजवीकडच्या मतदाराचे ऐकावेच लागणार.

बकिंगहॅमकर

प्रामाणिकपणाची ही कसोटी मला पुरेशी वाटत नाही. 2008 चा कायदा दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून केला होता आणि त्याच्या विरोधात मत देणारे खासदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्या कायद्यामुळेच सरकारचा निव्वळ शून्याचा आराखडा उच्च न्यायालयात जुलै 2022 मध्ये आणि सुधारित आराखडा मे 2024 मध्ये अपुरा ठरला. तोच कायदा सरकारला सल्ला देणाऱ्या स्वतंत्र हवामान समितीला दरवर्षी संसदेपुढे हिशेब मांडायला लावतो. त्या समितीचे 2023 पर्यंतचे अध्यक्ष लॉर्ड डेबेन हे हुजूर पक्षाचेच माजी मंत्री, आणि सरकारवर सर्वांत कडक ताशेरे त्यांचेच. ख्रिस स्किडमोर यांनी मंत्री म्हणून 2019 मध्ये निव्वळ शून्याच्या आदेशावर सही केली आणि जानेवारी 2024 मध्ये तेल-वायू परवान्यांच्या विधेयकाविरुद्ध खासदारकी सोडली. पक्षात अशी माणसे होती. कायदा गेला तर त्यांच्यासारख्यांच्या हाती तक्रारीखेरीज काहीच उरणार नाही.

पेनाईनवासी

एक शंका. आपण सगळे करार सुरक्षित आहेत असे धरून चाललो आहोत. ऑक्टोबर 2025 च्या योजनेत हुजूर पक्षाने वीजबिल उतरवण्यासाठी विजेवरचा कार्बन कर काढण्याबरोबर 2002 पासूनच्या नवीकरणीय बंधनाचे (पुरवठादारांनी विजेचा ठरावीक वाटा हरित स्रोतांतून घ्यावा या सक्तीचे) अनुदानही बंद करण्याचे म्हटले आहे. ते अनुदान आधीच उभ्या असलेल्या प्रकल्पांना 20 वर्षांसाठी कबूल केलेले आहे. रिफॉर्मचे रिचर्ड टाइस यांनी तर जुलै 2025 मध्ये कंपन्यांना पत्रे लिहून, सातव्या लिलावातले करार आमचे सरकार आल्यास मोडण्याचा प्रयत्न करू, असा इशारा दिला. मग माझ्या छताचे 2036 पर्यंतचे पैसे कशावर उभे आहेत?

हंबरकाठ

फरक असा की नवीकरणीय बंधन हे वीजपुरवठादारांवर कायद्याने टाकलेले बंधन आहे; संसद ते बदलू शकते. फरकाचा करार हा दोन बाजूंमधला खासगी कायद्याचा करार आहे, आणि तो मोडला तर भरपाईचा दावा उभा राहतो. तुमची छताची योजना पहिल्या प्रकारात मोडते. पण लाखो घरमालकांच्या छताला हात लावायला कोणताही पक्ष कचरेल, आणि त्यांतले बरेच जण वयस्कर, गावाकडचे, म्हणजे नेमके हुजूर पक्षाचे जुने मतदार आहेत.

बकिंगहॅमकर

म्हणजे यादी साधारण अशी बनते: करार सर्वांत पक्का, कायदा त्याखाली, वार्षिक अंदाजपत्रकातले अनुदान त्याहून खाली, आणि अधिवेशनातले भाषण तळाला. ताळगावकर, तुमच्याकडे उमेदवार घरी येतील तेव्हा त्यांना माझ्या वतीने एवढेच विचारा की नवीकरणीय बंधन रद्द करताना आधीच्या गुंतवणूकदारांना भरपाई देणार की नाही. हो म्हणाले तर बिल किती उतरेल हे पुन्हा मोजावे लागेल, आणि नाही म्हणाले तर पुढच्या लिलावात बोली कोणत्या दराने येतील, तेही त्यांनाच विचारावे.

ताळगावकर

विचारतो. उत्तर मिळाले तर इथेच लिहीन, आणि टाळले तर तेही लिहीन.